जोडहोडीखालची हातभर हवा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा ज्यांच्याकडे आहे त्या बाईंचा फोन आला. "देशमुखताई, तुमच्या त्या होड्यांवर काहीतरी हलकंफुलकं लिहा ना. लोकांना गंमत वाटते."

गंमत वाटते हे खरंच आहे. माझी नोकरीतली उमेदीची वर्षं नोएडात समुद्राच्या होड्या बनवण्यात आणि लोकांना निवडून देण्यात गेली, असं सांगितलं की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे आधी हसतात. मग विचारतात, "पण नोएडात समुद्र कुठेय?" जसं काही मला ते माहीतच नव्हतं! त्यात मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की गल्लीत आरोळी उठायची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तोही बसमधून. तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं. मी काही हलकंफुलकं लिहिणार नाहीये.

आमचा कारखाना फायबरचा. मालक खन्नासाहेब, माणूस हुशार आणि भलताच उतावळा. पाण्याच्या टाक्या, कूलरचे सांगाडे, बसच्या खुर्च्या आणि गल्लोगल्ली फुटलेल्या एसटीडी बूथची गोल छपरं, एवढं सगळं आम्ही काढायचो. फायबरचं काम समजायला इडलीचा साचा डोळ्यांसमोर आणा. आधी साच्याला मेण फासायचं, म्हणजे वस्तू चिकटत नाही. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, ब्रशने तिच्यात राळ जिरवायची, रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, पुन्हा चटई, पुन्हा राळ. वाळलं की ठोकून साच्यातून सुटं करायचं. राळेचा वास असा की मी दारात पाऊल टाकलं की आमचे हे म्हणायचे, "आधी केस धू, मग चहा मिळेल."

बाजार उघडला ती वर्षं. गुरगावला शेतांमधून कॉलन्या उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला आपल्या कॉलनीत तळं हवं होतं. तळं आलं की त्यात पायडलची होडी आली. खन्नासाहेबांनी हंसाच्या आकाराच्या होड्या काढल्या आणि त्या अशा खपल्या की साहेबांच्या डोक्यात पाणीच शिरलं. परदेशातून त्यांनी एका जोडहोडीचे जुने साचे मागवले. इंग्रजीत तिला कॅटमरान म्हणतात. कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर मी एकटी, म्हणून साचे माझ्या गळ्यात पडले. बाईमाणूस आणि होड्या, याचं तिथे कोणाला काही वाटलं नाही, कारण तोवर होड्यांचा विचार कोणी गंभीरपणे केलेलाच नव्हता. मी केला. पुस्तकं मागवली, मुंबईला जाऊन होड्या बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये दिवसचे दिवस उभी राहिले, शिकले. यात लाजायचं काय?

जोडहोडी म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि वरून एकच डेक टाकून त्या जोडायच्या. एका होडीवर तुम्ही कडेला गेलात की ती कलते. जोडहोडी पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसासारखी असते, सहज कलत नाही. थांबून मासे धरायचे तर तिच्यासारखी होडी नाही. पण तिला एका गोष्टीचा भयंकर राग येतो, तो म्हणजे वजनाचा. दोन्ही अंगं अरुंद, त्यामुळे वजन टाकलं की ती भराभर खाली बसते. ती बसली की मधली पोकळी आखूड होते. त्या पोकळीला आम्ही बोगदा म्हणायचो. बोगद्यातून लाट मोकळी जायला हवी. जागा उरली नाही की प्रत्येक लाट डेकला खालून धडका देते आणि खोल समुद्रात तासन् तास धडका खाल्ल्या की फायबर चिरतं, सांधे सुटतात. म्हणून माझं माप ठरलेलं होतं. पुरं वजन भरल्यावर पाणी आणि बोगद्याचं छत यांच्यामध्ये कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात उभा मावला पाहिजे. आपल्या आज्या कापड मोजायच्या तो हात. कारखान्याच्या मागे पाण्याच्या टाक्यांची गळती तपासायचा मोठा सिमेंटचा हौद होता. त्यात होडी सोडायची, वाळूची पोती रचायची आणि मी पोटावर पडून बोगद्यात हात घालायचा. मजूर सुरुवातीला खुसुखुसु हसायचे, मग तेच आठवण करायला लागले, "मॅडम, हाथ नहीं डाला आज?"

गिऱ्हाइकाला मी तीन प्रश्न विचारायची. कुठे जाणार? कोण कोण जाणार? आणि परत येताना काय आणणार?

पहिल्या दोनांची उत्तरं सगळे द्यायचे. गुरगावचा एक बिल्डर आला, त्याला अगदी "ऑफशोअरवाली" होडी पाहिजे होती, म्हणजे किनारा सोडून खोल समुद्रात जाणारी, आणि केबिनमध्ये संगमरवराचा ओटा. मी म्हटलं, "भाईसाहेब, एवढ्या दगडाने ती बुडेल." तो म्हणाला, "मॅडम, हमारे तालाब में पानी ही घुटने तक है. डूबेगी तो बैठ जाएगी, और क्या!" त्याचं बरोबर होतं. त्याला ओट्यासकट होडी दिली. फरिदाबादचे एक कारखानदार सुट्टीत गोव्याला गळाने मासे धरायला जायचे. ते आले आणि केबिनचं दार उघडून धाडकन आपटून बघितलं, गाडी घेताना बघतात तसं. आवाज पसंत पडला. मग ॲव्हरेज विचारलं. परत येताना काय आणणार म्हटलं तर म्हणाले, "फोटो."

दिल्लीची माणसं होडी अशीच निवडायची. रंग, गाद्या, केबिन, झालंच तर टेप. खन्नासाहेबांनी साचे आणले होते तेच मुळी शांत पाण्यात हिंडायच्या होडीचे. बोगदा बुटका, वर ही भली मोठी केबिन. माहितीपत्रकावर मात्र त्यांनी "ऑफशोअर" छापून घेतलं. मी सांगून पाहिलं. "मॅडम, शब्द अच्छा लगता है," ते म्हणाले. तळ्यातल्या आणि फोटोंच्या गिऱ्हाइकांसाठी मी फार ताणून धरलं नाही. खोल पाण्यात कोण जाणार होतं?

आणि मग सुभेदार तांडेल आले.

प्रगती मैदानावरच्या व्यापार मेळ्यात आम्ही ती होडी मांडली होती, पांढरीशुभ्र, निळा पट्टा, दिव्यांच्या झोतात. सुभेदार कँटोन्मेंटमधून बायकोमुलांना जत्रा दाखवायला आले होते आणि तिथेच खिळले. दुसऱ्या आठवड्यात कोट घालून, बूट चमकावून कारखान्यात हजर. मालवणच्या बाजूचे. पोरवयात फौजेत भरती झाले, आता निवृत्तीला आले होते.

"मॅडम, भावाला परत दर्यावर न्यायचंय," ते म्हणाले.

धाकटा भाऊ भिकाजी जन्मभर मासेमारी करणारा. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर असताना जाळ्याच्या दोरात पाय सापडला आणि गुडघ्याखाली तोडावा लागला. आता घराच्या पडवीत बसून लोकांची जाळी विणत होता. घरची होडी होती, पण ती डुलणार, आणि एका पायावर डुलत्या होडीत जाळं ओढणं शक्य नाही. बनावट पाय ओल्या फळीवर घसरायचा. दोनदा पडला, तेव्हापासून गावातलं कोणी त्याला बरोबर न्यायला तयार नव्हतं. "तो बोलत नाही हो आता," सुभेदार म्हणाले. "सुट्टीवर गेलो की मी येतो म्हणून उठतो, आणि परत बसतो. ही होडी डुलत नाही ना? बस. मला हीच पाहिजे."

मी तिसरा प्रश्न विचारला.

"परत येताना?" ते गोंधळले. "येताना तेच की. आम्ही चौघं, जाळी, पाणी. उलट पेट्रोल संपलेलं असणार, वजन कमी."

"आणि बर्फ, मासे?"

हे सुभेदारांच्या हिशेबात नव्हतंच. अख्खं आयुष्य फौजेत गाड्या भरण्यात गेलेलं. तिथे जाताना भरायचं आणि येताना रिकामं यायचं. मासेमारीचं बरोबर उलटं. जाताना होडी हलकी असते, येताना जड, आणि मासळीच्या मागे दक्षिणेला उतरलं की नेमका येतानाच दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर असतो. पण ते कोळ्याच्या घरात जन्मलेले, आणि सांगणारी मी! त्यांना राग आला. "मॅडम, तुम्ही कुठल्या?"

"अकोल्याची."

"आणि मला समुद्र शिकवता?"

"हो, शिकवते," मी म्हटलं. "तुम्ही शेवटचा कधी ओढलात जाळ्याचा दोर?"

एवढ्यात खन्नासाहेब आपल्या ऑफिसातून बाहेर आलेच. सुभेदारांच्या गावातली आणखी चार माणसं होडी बघायला येतील, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी सुभेदारांना खांद्याला धरून आत नेलं, लस्सी मागवली. "मॅडम थोडी शक्की है," हे मला बाहेर ऐकू आलं. बयाणा देऊनच सुभेदार गेले. जाताना मी एकच मागितलं की भावाला होडी दाखवा. पाण्यात जाणार तो, पसंत त्याने करावी.

थंडीत भिकाजी आला. दिल्लीची थंडी त्याने कधी बघितली नव्हती. भावाचा मिलिटरीचा कोट, कानाला मफलर, काखेत कुबडी. नमस्कार नाही, चहा नाही, सरळ म्हणाला, "होडी खंय हा?" हौदात होडी सोडली होती, रिकामीच. आमचे मिस्त्री इस्लामभाई त्याला धरायला पुढे झाले, त्यांचा हात त्याने झटकला. बसत, सरकत, स्वतःच डेकवर चढला. मग कठडा धरून उठला आणि कुबडी त्याने काठावर टाकून दिली.

तो उभा राहिला. हौदाचं पाणी ते, हलणार किती? पण इस्लामभाईंनी चार मजुरांना एका अंगाने चढायला लावलं, आणि तरीही तो उभा होता. मग त्याने कठडा सोडला. दोन्ही हात पुढे करून कुठलाच दोर नसताना त्याने दोर ओढला, एकदा, दोनदा, कंबरेतून वळून. आणि भावाकडे बघून हसला. सुभेदारांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मलाही रडू फुटलं होतं, खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला वाटलं, देऊन टाकावी. काय होतंय? देऊन टाकावी आणि मोकळं व्हावं.

मी नाक पुसलं आणि इस्लामभाईंना सांगितलं, "बोरियाँ लाओ."

चौघांचं वजन, जाळ्यांचं, पाण्याचं, पेट्रोलचं, बर्फाचं, आणि एका बऱ्या दिवसाच्या मासळीचं. पोती चढत गेली, होडी बसत गेली. मी पोटावर पडले आणि बोगद्यात हात घातला. कोपर छताला टेकवलं तर मनगटाच्या वरपर्यंत माझा हात पाण्यात बुडाला. हातभर हवा पाहिजे तिथे वीतभरही उरली नव्हती.

मी भिकाजीला बोलावून दाखवलं. समजावून सांगायची गरज नव्हती. तोंडावर वारा आणि उंच लाटा असताना ही होडी काय मार खाईल, हे त्याला माझ्याहून लवकर दिसलं असणार. पण तो माझ्यावरच उसळला. "माका वीत-बीत काय दाखवतंस, बाय? मी उभो रवलंय, ता बगलंस मां? बसान मरण्यापरास उभ्यान मेललां बरां!"

बसून मरण्यापेक्षा उभ्याने मेलेलं बरं. मी म्हटलं, "तुम्ही उभे मराल हो, भिकाजीभाऊ. बाकीच्या तिघांना विचारलंय का?"

तो खाली बसला. सुभेदार त्याला घेऊन गेले. फाटकापाशी मागे वळून मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्याला उभं केलंत आणि तुम्हीच बसवलंत." ते शब्द अजून कानात आहेत.

खन्नासाहेबांनी मला आत बोलावलं. होडी आहे तशी सोमवारनंतर ट्रकवर चढेल. गिऱ्हाईक राजी, मालक राजी, तुम्ही कोण? "आपकी दुकान है क्या, मॅडम?"

"दुकान आपकी है," मी म्हटलं. "होडी माझी आहे. मी सोडणार नाही."

"तो इस्तीफा दीजिए."

"देणार नाही. काढायचं तर काढा."

माझा तापट स्वभाव सासरी माहेरी प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी शांत होते. कारण मला काय करायचं ते दिसलं होतं. दोन अंगं उत्तम होती, वाईट होतं ते वरचं ओझं आणि बुटका डेक. केबिन उडवायची, डेक कापून काढायचा, दोन्ही अंगांच्या बाजू वर वाढवायच्या, मागे थोडी लांबी द्यायची म्हणजे वजन पेलायला जास्त पाणी मिळेल, आणि उंचीवर नवा सपाट डेक बसवायचा. प्रत्येक अंगात बंद कप्पे, म्हणजे एक फुटला तरी होडी तरंगेल. प्रत्येक अंगाला स्वतंत्र इंजिन, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं घरी आणेल. डेकवर आलेलं पाणी आपोआप बाहेर जायला भोकं. आणि डेकवर जाळीदार खडबडीत फायबर, बनावट पाय घसरू नये म्हणून. पण मालक केबिन काढू देणार नाही. केबिन म्हणजे त्याचा जीव की प्राण.

रविवारी कारखाना बंद असतो. सकाळी मी आणि इस्लामभाई गेलो. चौकीदाराने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काम है," आणि ते खोटं नव्हतं. इस्लामभाईंनी कटर हातात घेतला, खडूने मी ओढलेल्या रेघेवर टेकवला आणि थांबले.

"मॅडम, एक बार कट गई तो कट गई."

"द्या इकडे," मी म्हटलं. पहिली चीर मी घातली. मेळ्यात जिच्यासमोर उभं राहून लोकांनी फोटो काढले त्या केबिनला खिडकीखालून आडवी चीर. पांढरी धूळ अंगभर, आवाज असा की कानठळ्या बसल्या. पुढचं इस्लामभाईंनी कापलं, माझ्याहून कितीतरी सरळ. संध्याकाळी केबिन हौदाच्या काठावर वेगळी पडली होती आणि होडीची दोन अंगं मोकळी झाली होती.

सोमवारी खन्नासाहेब बघतच राहिले. मग बोंब ठोकली ती शेजारच्या प्लॉटवर ऐकू गेली असेल. "ये मेरा शो-पीस था!"

"था," मी म्हटलं.

इस्लामभाईंनी आपलं नाव स्वतःच सांगून टाकलं, तरी मी म्हटलं, चीर माझी आहे, काढायचं तर मला काढा. साहेबांनी काढलं नाही. मोठ्या मनाचा वगैरे भाग नाही हो त्यात! मला हाकललं असतं तर एक फाडलेली होडी घेऊन ते बसले असते, जी जोडायची कशी हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं, आणि वर सुभेदारांचा बयाणा घेतलेला. माणूस धंद्याचा होता, त्यांनी तासाभरात हिशेब केला. एवढंच म्हणाले, "ठीक है. बनाइए. लेकिन पहले दिन समुंदर में आप खुद जाएँगी. भरी हुई वापस आएँगी. तब मानूँगा."

"जाईन की," मी म्हटलं. पोहता येत नव्हतं, ते सांगितलं नाही.

होडी तयार झाली तेव्हा सुंदर अजिबात दिसत नव्हती. केबिनच्या जागी उभ्याने सुकाणू धरायला एक आडोसा आणि मोकळा डेक, बस. हौदात भरून पाहिली. माझा हात कोपरापर्यंत उभा मावला. सुभेदारांना बोलावलं, त्यांनी स्वतः कोट काढून, बाह्या सरसावून हात घालून पाहिला आणि मला फौजी सलाम ठोकला. मग ती ट्रकवर चढली. रुंदी जास्त, त्यामुळे नाक्यानाक्यावर अडवणूक. राजस्थानात एका हवालदाराने ड्रायव्हरला विचारलं म्हणे, "नाव कहाँ जा रही है?" "समुंदर." हवालदार म्हणाला, "इधर तो कोई समुंदर नहीं." पाहा, तिथेही तेच.

मालवणच्या बाजूच्या त्या गावात अख्खी वाडी किनाऱ्यावर जमली होती. दिल्लीची होडी आणि दिल्लीची बाई. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, ही तर पलंगासारखी दिसते, आणि सगळे खो खो हसले. भिकाजी हसला नाही. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही, हौदाकाठचा राग त्याच्या मनात होताच. कुबडी घेऊन तो पाण्यापर्यंत आला, डेकवर चढला, आणि कुबडी तिथल्या एका पोराच्या हातात देऊन टाकली. आम्ही चार जणं होतो, दोघं भाऊ, त्यांचा एक चुलता आणि मी. माझ्या अंगावर त्यांनी तरंगतं जाकीट चढवलं आणि माझं मंगळसूत्र आत खोचायला लावलं, जाळ्यात अडकू नये म्हणून.

जातानाचं काय सांगू? किनारा दिसेनासा झाला आणि मी जी ओकायला लागले ती थांबेचना. सुभेदारांचंही तसंच. फौजेने त्यांचं पोट कोरडं करून टाकलं होतं. भिकाजी मात्र उभा. दिवसभर उभा. सुकाणूवर उभा, जाळ्यावर उभा. हौदात वळला होता तसाच दोर ओढताना कंबरेतून वळायचा, पण आता हाताला खरं वजन होतं. दुपारपर्यंत बर्फावर मासळीची रास झाली. मी एका कोपऱ्यात पडून फक्त पोती मोजावीत तशी ती रास बघत होते आणि मनात म्हणत होते, आणखी नको, आता पुरे. पण भिकाजी आणि चुलता टाकतच होते.

वारा सुटला. आम्ही उत्तरेला, घराकडे वळलो. आता होडी जड, लाटा समोरून, नाक वर जायचं आणि खाली यायचं, आणि दर वेळी मी डोळे मिटून खालून येणाऱ्या धडकेची वाट बघायची. माझ्या पाठीखालीच डेक होता. लाट बोगद्यात शिरल्याचा घुमणारा आवाज यायचा, मग मागे फेस उसळायचा. मोठ्या लाटांना दोनतीनदा थाप बसली, नाही असं नाही. पण धडका नाहीत. चुलता, जो सकाळी सगळ्यात जास्त हसला होता, तो डेकवर हात ठेवून धडक चाचपत बसला होता.

नंतरचं थोडक्यात सांगते. तशा आणखी दोनच होड्या आम्ही केल्या. बिनकेबिनीची होडी मेळ्यात कोणी बघेना, खन्नासाहेबांचं मन उडालं, साचे विकले, आम्ही परत कूलरकडे वळलो. माझी कापून टाकलेली केबिन चौकीदाराने फाटकाशी लावून घेतली, त्याला पावसापाण्याची सोय झाली. ते साचे ज्याने घेतले त्याने तीच बुटकी होडी "ऑफशोअर" म्हणून विकायला काढली असेल, आणि तिथे हात घालायला कोणी नसेल, याची खंत मला आहे. राग तर आहेच. कारखान्याच्या जागी आता उंच इमारती झाल्या आहेत, आणि त्यांच्या नावात समुद्र आहे. त्याला मात्र कोणी हसत नाही.

तर त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा पाणी शांत झालं. किनाऱ्यावरची माणसं दिसायला लागली होती. भिकाजीने इंजिनं मंद केली, मग बंदच केली. दिवसभरात तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"बाय, घाल बगया हात."

मला उठवत नव्हतं. सुभेदारांनी धरून पुढे नेलं. होडी मासळीने, बर्फाने, आम्हा चौघांनी भरलेली, हौदात मी कधी रचलं नसेल एवढ्या वजनाने भरलेली. मी डेकच्या पुढच्या कडेवर पोटावर पडले आणि दोन अंगांच्या मधल्या पोकळीत हात सोडला. कोपर डेकच्या खालच्या कडेला लागलं. मी बोटं ताणली.

टोकं तेवढी भिजली.

"लागला?" भिकाजीने विचारलं.

"टोकाला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, दोन्ही इंजिनं सुरू केली आणि होडी किनाऱ्याकडे घातली. कुबडी घेऊन ते पोर गुडघाभर पाण्यात धावत आलं होतं. भिकाजीने त्याला वरूनच ओरडून सांगितलं, "ती घराकडे नेवन ठेव. माका उतरूचा नाय अजून."